गोचिडांवर एवढं संशोधन करण्यासारखं काय आहे? फवारणी केली की काम झालं ना?

फवारणी लागतेच. पण अंगावरचे गोचीड मेले की विषय संपला, हे जे तुम्ही गृहीत धरलंय, तिथेच घोळ आहे. मी पशुवैद्यकीय परजीवीशास्त्रात काम करतो आणि आमची बरीच डोकेफोड गाईच्या अंगावर नसलेल्या गोचिडांसाठी असते.

थायलेरिओसिस घ्या. आपल्याकडे ज्याला सरसकट 'गोचीड ताप' म्हणतात, त्यातला संकरित गाईंना सगळ्यात जास्त छळणारा आजार. थायलेरिया ॲन्युलाटा हा एकपेशीय परजीवी तो घडवतो आणि हायलोमा नावाचा गोचीड तो पसरवतो. अंड्यातून निघालेलं हायलोमाचं पिल्लू निर्धोक असतं, कारण हा परजीवी मादीकडून अंड्यात उतरत नाही. पुढे ते बाधित जनावराचं रक्त पितं, वाढीच्या ओघात जनावरावरून गळून पडतं, भिंतीच्या भेगेत नाहीतर गव्हाणीखाली शिरून कात टाकतं आणि नव्या अवस्थेत दुसऱ्या गाईवर चढून रोग देतं. तुम्ही गाईवर फवारत असता तेव्हा पुढचा ताप भिंतीत बसलेला असतो. म्हणून भेगा लिंपा, चुना मारा, असं आम्ही कंठशोष करून सांगतो. लोकांना ते फार किरकोळ वाटतं, इंजेक्शन द्या म्हणतात.

लाल लघवीचा आजार, जो बबेसिया नावाच्या परजीवीमुळे होतो, याच्या बरोबर उलट. त्याचा गोचीड पिल्लापासून मादी होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो आणि परजीवी अंड्यांतून थेट पुढच्या पिढीत जातो. त्यामुळे गोचीड कुठला, हे आधी बघावं लागतं. भिंगाखाली हायलोमाची सोंड लांब आणि पायांवर फिकट पट्टे दिसतात. बबेसियावाल्याची सोंड अगदी आखूड.

गोचीड रोग पसरवतो हे सिद्ध झालं तेच मुळी गुरांमध्ये. याच लाल लघवीच्या आजारावर अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या संशोधकांनी दक्षिणेकडच्या गुरांवरचे गोचीड वेचून काढले आणि ती गुरं उत्तरेकडच्या गुरांत सोडली, तर कोणी आजारी पडलं नाही. मग गुरं न आणता नुसते गोचीड कुरणात सोडले, तर उत्तरेकडची गुरं आजारी पडली. हे 1893 साली प्रसिद्ध झालं. रोनाल्ड रॉसना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो 1897 मध्ये. रॉस शाळेच्या पुस्तकात आहेत, हे दोघे नाहीत. गुरांच्या डॉक्टरांचं नशीब!

आता प्रयोगशाळेत काय चालतं ते. तापलेल्या गाईच्या खांद्यापुढची गाठ सुजते. तिच्यात सुई घालून थेंबभर द्रव काचपट्टीवर घेतात आणि जिम्सा रंग देतात. पांढऱ्या पेशीच्या आत निळसर-जांभळ्या कणांचे पुंजके दिसले की निदान पक्कं. हा परजीवी पांढऱ्या पेशीला कर्करोगासारखी बेफाम वाढायला लावतो. त्यामुळे ती पेशी गाईबाहेर, बाटलीतही वाढवता येते. अशी ती पुन्हापुन्हा वाढवत नेली की परजीवीची रोग करण्याची ताकद जाते, आणि त्याचीच लस बनते. भारतात ती मिळते, पण द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. वाडीवस्तीपर्यंत ती पोचवणं म्हणजे दिव्य.

बरी झालेली गाय हा दुसरा पेच. ती खाते-पिते, दूध देते, काचपट्टी स्वच्छ येते, पण पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, केली की परजीवी सापडतो. म्हशीही बरेचदा अशाच, वरून ठणठणीत. गोठ्यातल्या वासरांना लागणारा रोग या धडधाकट जनावरांकडूनच गोचिडात जातो.

आणि फवारणीचंही ऐका. डेल्टामेथ्रिन या फवारणीच्या औषधाला दाद न देणारे गोचीड भारतात अनेक ठिकाणी नोंदले गेलेत. हे तपासायला आम्ही रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या औषधाच्या द्रावणात बुडवतो, मग कोरड्या करून उबवणीपेटीत ठेवतो आणि त्यांनी घातलेल्या अंड्यांचं वजन करतो. द्रावणात बुडवूनही मादी नेहमीसारखी अंडी घालत असेल, तर गोठ्यात तेच औषध दुप्पट कडक करून मारण्यात अर्थ नाही. विषबाधा गाईला होईल. तेव्हा औषधाचा गटच बदलावा लागतो.

तुमच्याकडे फवारूनही गोचीड हटत नसतील, तर टम्म फुगलेल्या माद्या जिवंतच, तोंडाला फडकं बांधलेल्या बाटलीत घालून जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात द्या. स्पिरिटमध्ये टाकू नका, मेलेल्या मादीवर ही चाचणी होत नाही. आणि गाय तापली असेल तर रक्ताचा नमुना औषध सुरू करण्याआधी घ्यायला सांगा.