गुरगुरला म्हणून मारू नका

प्रश्न : ताई, आमचा लॅब (लॅब्रॅडॉर कुत्रा) चार वर्षांचा आहे, एकदम शांत. गेल्या रविवारी बहिणीचा पाच वर्षांचा मुलगा त्याच्या गळ्यात पडून लाड करत होता तर हा अचानक गुरगुरला. बाबांनी त्याला फटका दिला, आई म्हणते आता भरवसा नाही, कुणाला तरी देऊन टाकू. काय करू? (नाशिक)

उत्तर : देऊन टाकायचा विषय आत्ता बाजूला ठेवा आणि मारणं तर पूर्ण बंद करा. गुरगुरणं म्हणजे बास, लांब हो, एवढंच. चावायच्या आधी त्याने सांगितलं ही चांगली गोष्ट आहे हो! गुरगुरलं की मार पडतो हे कळलं तर तो गुरगुरणं सोडेल पण मिठीचा त्रास काही कमी होणार नाही, मग पुढच्या वेळी थेट दात लागतील आणि सगळे म्हणतील न सांगता चावला.

आणि अचानक झालं असं मला नाही वाटत. त्या वेळी कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढला असेल तर आवाज बंद करून परत बघा. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलंय का, समोर खायला काही नसताना नाकावरून जीभ फिरवतोय का, झोप आलेली नसताना जांभई, कान मागे चिकटलेले, मान न वळवता तिरकं बघतोय आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसतेय. यातलं एखादंच दिसलं तर लगेच काही ठरवू नका, रात्री झोपताना दिलेली जांभई ही जांभईच असते, पण दोनतीन गोष्टी एकत्र आल्या तर त्याला तिथून निघायचंय. मग येतं ते सगळ्यात महत्त्वाचं, तो गोठतो. धापा टाकणारं उघडं तोंड मिटतं, अंग ताठ, हालचाल बंद. नेमकं तेव्हाच घरच्यांना वाटतं बघ कसा शांत बसलाय, फोटो काढ. फोटो राहू दे, मुलाला सहज हाक मारून बाजूला बोलवा, ओरडू नका.

भाच्याला मिठीऐवजी छातीवर किंवा खांद्यावर खाजवायला शिकवा. थोडं खाजवून हात काढायचा, कुत्रा परत जवळ सरकला तर अजून, निघून गेला तर जाऊ द्यायचं. मोठं माणूस जवळ नसताना दोघांना एकत्र सोडू नका, कुत्रा कितीही गुणी असो.

त्याआधी एकदा व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. लॅबचे कान लोंबते, त्यात पावसाळ्याची दमट हवा, कानात इन्फेक्शन पटकन होतं. सारखं डोकं झटकतो, कानाला वास येतो असं असेल तर मिठीत दुखरा कान दाबला गेला असेल. आणि कधी दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी.

प्रश्न : आमचा कुत्रा शेपूट हलवत हलवतच कुरिअरवाल्याच्या अंगावर गेला. शेपूट हलते म्हणजे खुश ना? (ठाणे)

उत्तर : नेहमी नाही. खुश असला की कंबरेपासून सगळं मागचं अंग हलतं, सैल. शेपूट उंच, ताठ, नुसतं टोक झपझप हलतंय, वजन पुढच्या पायांवर आणि तोंड मिटलेलं असेल तर दार उघडायच्या आधी त्याला आतल्या खोलीत ठेवा. 2007 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी 30 कुत्र्यांवर प्रयोग केला होता, मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकायची आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. घरी आपल्याला एवढं दिसणार नाही, म्हणून नुसती शेपूट नको, अख्खं अंग बघा. पगसारख्या वळलेल्या शेपटीत तर काहीच कळत नाही, तिथे कान आणि तोंडच बघावं लागतं.

प्रश्न : चप्पल फाडली की मान खाली घालून बसतो, म्हणजे त्याला चूक कळते ना? (पुणे)

उत्तर : तुमचा आवाज आणि चेहरा कळतो. 2009 मध्ये कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हेच तपासलं, काहीही न केलेल्या कुत्र्यांना रागावलं तरी त्यांनी तोच अपराधी चेहरा केला. तो घाबरलाय, तुम्हाला शांत करायला बघतोय. चप्पल रॅकमध्ये ठेवा आणि चघळायला त्याची स्वतःची वस्तू द्या.