कॉन्ट्रा कॉलिंगच्या नोट्स: फाइल, कार्ड की टॅबलेट?

कॉन्ट्रा म्हणजे समोरासमोरच्या रांगांत जोड्यांनी करायचा नाच, आणि पुढची हालचाल नाचणाऱ्यांना वेळेवर सांगणं म्हणजे कॉलिंग. तीनशेच्या वर नाच एकाच वर्ड फाइलमध्ये साठलेत आणि ऐन वेळी हॉलमध्ये हवा तो सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. साठवणं आणि स्टेजवर वाचणं ही दोन निराळी कामं आहेत. एकाच फाइलवर दोन्ही भागवायला जाऊ नका.

साठवायला साधी स्प्रेडशीट पुरते: नाव, रचनाकार, फॉर्मेशन म्हणजे सुरुवातीची मांडणी (इम्प्रॉपर: जोडीदार समोरासमोर, की बेकेट: जोडीदार एकाच बाजूला), अवघडपणा, आणि मुख्य फिगर्सना (ठरलेल्या हालचालींना) एकेक कॉलम. निवडलेले नाच एकाखाली एक लावले की लागोपाठ तिघांत चेन (दोघांनी मध्ये हात धरून समोरच्या बाजूला जाण्याची फिगर) आलीय हे लगेच दिसतं. फिगरवरून नवे नाच शोधायला ‘कॉलर्स बॉक्स’ आणि ‘कॉन्ट्राडीबी’ आहेतच.

स्टेजवर मात्र मी कार्डच सुचवेन, तेही ४ बाय ६ इंचांचं. ३ बाय ५ मंद उजेडात वाचवत नाही. मिनिटाला ११६ बीट्सच्या लयीत ६४ बीट्सची फेरी ३३ सेकंदांत संपते, तेवढ्यात ओळ शोधत बसता येत नाही. खाली नमुना आहे. ए१ ते बी२ हे सोळा-सोळा बीट्सचे चार भाग. पार्टनर म्हणजे आपला जोडीदार, नेबर म्हणजे शेजारच्या जोडीतला. जोडीत डावीकडचा लार्क, उजवीकडचा रॉबिन. बॅलन्स म्हणजे एकमेकांकडे पुढे-मागे होणं, स्विंग म्हणजे दोघांनी धरून गोल फिरणं, डो-सी-डो म्हणजे पाठीला पाठ करत एकमेकांभोवती फिरणं.

इम्प्रॉपर
ए१: नेबर बॅलन्स, स्विंग (४+१२)
ए२: सर्कल लेफ्ट ३/४ (८), पार्टनर स्विंग (८)
बी१: लाँग लाइन्स (८), रॉबिन्स चेन (८)
बी२: स्टार लेफ्ट (८), पुढच्या नेबरशी डो-सी-डो (८)

कंसातले बीट्स गाळू नका. कॉल फिगरच्या आधी संपायला हवा: ए१ मधल्या स्विंगचे शेवटचे चार बीट्स उरले की ‘सर्कल लेफ्ट, थ्री क्वार्टर्स’. स्विंग बाराचा की आठचा हे कार्डावर नसेल तर कॉल उशिरा जातो आणि अख्खी रांग एक फिगर मागे पडते.

वॉकथ्रूची (संगीताआधी नाच चालून दाखवण्याची) वाक्यं पुढच्या बाजूला नकोतच. लोक कुठे अडतात तेवढं मागे लिहा. इथे अडचण बी२ ची: स्टार सोडताना जुन्या नेबरकडे पाठ करायची, नाहीतर डो-सी-डो त्याच्याशीच होतो.

जुन्या कार्डांवर जेंट्स-लेडीज (याच दोन भूमिकांची जुनी नावं) असेल आणि तुमच्याकडे लार्क्स-रॉबिन्स चालत असेल, तर कार्ड नव्याने लिहून काढा. वाचायचं एक आणि बोलायचं दुसरं, यात दमल्यावर जीभ घसरतेच.

टॅबलेट हवाच असेल तर नाच ऑफलाइन ठेवा, स्क्रीन आपोआप बंद होणं थांबवा, एअरप्लेन मोड लावा. चर्चच्या तळघरात नेटवर्कचा भरवसा नसतो.

तीन तासांत साधारण ११-१२ नाच होतात. सोबत १६ कार्डं काढा. जादाची चार ठरवलेल्यांपेक्षा सोपी असोत, कारण गर्दी अपेक्षेपेक्षा नवखी निघते, उलटं क्वचित. कोपऱ्यात पेन्सिलने क्रम टाका, म्हणजे गठ्ठा हातातून सुटला तरी बेहत्तर. बँडसाठी ‘रील (एका प्रकारची जलद धून), ए१ ला बॅलन्स’ एवढी टीप पुरते. नाच झाला की मागे तारीख आणि हॉल लिहा, म्हणजे त्याच मंडळींपुढे पुढच्या महिन्यात तोच येणार नाही.