चिनी लोकांच्या घरी नववर्षाला खरंच काय जेवतात? आपल्यासारखं सगळ्यांनी मिळून करणं, नैवेद्य असं काही असतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की चिनी घरात सणाला काय करतात, आपल्याकडे दिवाळीला सगळं घर जमिनीवर बसून करंज्या भरतं तसं तिकडे असतं की सगळे बाहेरच जेवतात. असतं. आपल्याइतकंच असतं आणि काही बाबतीत आपल्यापेक्षा जास्त जपलंय असं मला वाटतं. मी 2014 ते 2019 शेनयांगला एमबीबीएसला होते आणि 2018 चं चिनी नववर्ष एका मैत्रिणीच्या गावी, तिच्या आजीच्या घरी केलं, तेव्हा जे डोळ्यांनी बघितलं आणि हाताने केलं तेच सांगते.

आधी एक गोष्ट. शेनयांग हे चीनच्या ईशान्येला, त्या भागाला ते डोंगबेई म्हणतात आणि जुन्या नकाशात त्यालाच मंचुरिया नाव आहे. तिथे मंचुरियन नावाचा पदार्थ नाही, तो आपल्या मुंबईत जन्मलेला. त्यामुळे गाडीवरचं चायनीज डोक्यातून काढून टाका. तिकडच्या घरातलं जेवण म्हणजे कोबी, बटाटा, डुकराचं मांस, टोफू, गहू आणि व्हिनेगर. थंडी एवढी की फेब्रुवारीत रात्री उणे पंधरा-वीस सहज, म्हणून शरद ऋतूतच लांबोडे चिनी कोबी मोठ्या रांजणात मिठात दाबून वर दगड ठेवतात, ते आंबतं आणि हिवाळाभर पुरतं. त्याला सुआनत्साय म्हणतात. घरात शिरलं की पहिला वास त्याचाच.

तर त्या वर्षी 15 फेब्रुवारीला त्यांची वर्षाची शेवटची रात्र होती, छूशी म्हणतात तिला. सगळा सण या एका रात्रीच्या जेवणाभोवती फिरतो. त्याच्या आधीचे पंधरा दिवस अख्खा देश गाडीत असतो, स्टेशनवर बायका-पोरं-पिशव्या-खोकी, कारखान्यात काम करणारी माणसं वर्षातून एकदाच घरी जातात ती याच वेळी. आम्ही शेनयांगहून ट्रेनने थ्येलिंगला उतरलो, तिथून बस, आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या आजीने आधी नूडल्सचं वाडगं हातात दिलं. त्यांच्याकडे म्हणच आहे, गाडीत चढणाऱ्याला ज्याओझ, म्हणजे पाण्यात उकळलेल्या करंज्या, आणि उतरणाऱ्याला नूडल्स. आलेल्या माणसाला लांब नूडल्स म्हणजे राहा बाबा, आणि निघालेल्याला ज्याओझ.

ही आजी म्हणजे नायनाय, वडिलांची आई. आईच्या आईला तिकडे उत्तरेत लाओलाओ म्हणतात, आपल्यासारखं दोघींना एकच आजी नाही. मीही तिला नायनायच म्हणायला लागले.

माझी अडचण अशी होती की मी मांस खात नाही, अंडं खाते. डोंगबेईत हे सांगणं म्हणजे यजमानांना धर्मसंकटच, कारण सणाचं ताट सगळं डुकराच्या मांसावर उभं असतं. मैत्रिणीने आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. नायनायने एवढंच विचारलं की कांदा-लसूण चालतो का (बौद्ध मठातले लोक तेही खात नाहीत म्हणून), चालतो म्हटल्यावर म्हणाली मग काहीच प्रश्न नाही. आणि तिने दोन सारणं केली. एक सगळ्यांसाठी, सुआनत्साय आणि मांसाचं. दुसरं माझ्यासाठी, ज्योत्सायचं, म्हणजे लसणाच्या पातीसारखी चपटी, उग्र वासाची पात असते ती बारीक चिरून, त्यात मोडून परतलेलं अंडं, भिजवून चिरलेल्या शेवया आणि काळे मशरूम. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पातीला पाणी सुटतं. नंतर कळलं की उत्तरेत बऱ्याच घरात नववर्षाला मुद्दाम बिनमांसाचे ज्याओझ करतात, येणारं वर्ष साधं-स्वच्छ जावं म्हणून.

ज्याओझ म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्या करंजीसारखा अर्धचंद्र, आवरण गव्हाच्या पांढऱ्या पिठाचं, आत सारण, आणि उकळत्या पाण्यात सोडतात. नावाचं कारण असं सांगतात की रात्री 11 ते 1 हा काळ त्यांच्या जुन्या घड्याळात झ नावाचा, त्या वेळी जुनं वर्ष नव्याला भेटतं, त्या भेटीचं नाव पदार्थाला लागलं. आकार पूर्वीच्या चांदीच्या लगडीसारखा, म्हणून लक्ष्मी. सुपरमार्केटमध्ये फ्रोजनची पाकिटं ढिगाने मिळतात आणि वर्षभर तीच माणसं ती आणून खातात, पण त्या रात्री या घरात विकतचे नाहीत. का, तर हे एकट्याने करायचं कामच नाही. एक पीठ मळतो, एक लाट्या तोडतो, एक लाटतो, तिघे-चौघे भरतात, आणि लाटणारा थांबला की भरणारे रिकामे बसतात. गप्पा मारायला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आम्ही कांगवर बसलो होतो. कांग म्हणजे विटांचा रुंद ओटा, खालून चुलीची ऊब जाते, त्यावरच झोपायचं, त्यावरच जेवायचं. मधे बुटकं टेबल. नायनायचं लाटणं माझ्या अंगठ्याएवढ्या जाडीचं, उजव्या हाताने ते नुसतं पुढे-मागे आणि डाव्या हाताने लाटी गरगर फिरवायची, लाटणं मधोमध जाऊ द्यायचंच नाही. त्यामुळे कडा पातळ आणि मध्य जाड राहतो. मला पोळीची सवय, मी सगळीकडून सारखी पातळ लाटली, तर भरताना बूड फाटलं. मग एकदम लक्षात आलं अरे ही तर मोदकाची पारी! मोदकालाही आपण कडा पातळ करतो आणि बूड जाड ठेवतो. मग मी लाटणं ठेवून दिलं, लाटी हातात घेतली आणि बोटांनी पारी केली, सारण भरलं, कळ्या पाडल्या, टोक काढलं. नायनायने ते तळहातावर घेऊन फिरवून फिरवून बघितलं, शेजारच्या काकूंना दाखवलं आणि म्हणाली, छान आहे गं, पण हा बाओझ झाला. बाओझ म्हणजे वाफवतात ते, वर चुण्या असलेले. तो एक तिने वेगळा वाफवून दिला मला.

भरलेले ज्याओझ ज्या गोल ताटावर मांडत होते ते कशाचं होतं माहितीये? ज्वारीच्या धाटांचं. काउल्यांग म्हणजे ज्वारीच, त्या भागात पिढ्यान्पिढ्या पिकते, धाटांच्या वरच्या बारीक काड्या एकमेकींना काटकोनात दोन थरात शिवून ते ताट करतात, त्याला पीठ चिकटत नाही. मी सांगलीकडची, ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेली, आणि एवढ्या लांब बर्फात ती काडी हाताला लागली. मला आईला लगेच फोन करावासा वाटला आणि केलाही.

शिजवताना उकळी आली की वाटीभर गार पाणी, परत उकळी, परत गार पाणी, असं तीन वेळा. आणि इथे एक नियम आहे. पातेल्यात एखादा ज्याओझ फुटला तर फुटला म्हणायचं नाही! नववर्षाला फुटणं-तुटणं हे शब्दच तोंडातून काढायचे नाहीत. त्याऐवजी झंग ल म्हणायचं, या शब्दाचा एक अर्थ ताण बसून उकलला आणि दुसरा अर्थ कमावलं. म्हणजे फुटला तरी कमाईच झाली. मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही, आपणही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो ना, तसंच. मी हे मैत्रिणीला सांगितलं, तिने नायनायला सांगितलं, आणि नायनाय मग रात्रभर मला आणखी असे शब्द विचारत होती.

सगळं जेवणच असं शब्दांवर चालतं. मासा अख्खा शिजवतात पण पूर्ण संपवत नाहीत, कारण मासा आणि शिल्लक या दोन्ही शब्दांचा उच्चार यू, दरवर्षी काहीतरी शिल्लक राहो. दक्षिणेकडे चिकट तांदळाचा केक करतात, न्येनगाओ, त्याचा उच्चार आणि वर्षागणिक उंच याचा उच्चार एकच. तिकडे दक्षिणेत नववर्षाला ज्याओझचं एवढं काही नसतं हेही सांगायला हवं, चिनी सण म्हणून एकच एक ताट नाही. दुआनवूला, म्हणजे ड्रॅगन होड्यांच्या सणाला पानात बांधून शिजवलेला चिकट भात असतो, त्यात उत्तरेवाले वाळवलेली लाल बोरं घालून गोड करतात आणि दक्षिणेवाले मांस घालून खारा, आणि दोघांना दुसऱ्याचा बघवत नाही.

नैवेद्याचं विचारलंत. आहे. पहिलं वाडगं घरातल्या कुणाला नाही, पूर्वजांना. भिंतीशी छोटं टेबल, त्यावर वाफवलेले पांढरे पाव एकावर एक रचलेले, फळं, आणि गरम ज्याओझचं वाडगं, शेजारी चॉपस्टिक. चॉपस्टिक आडव्या ठेवायच्या, भातात उभ्या खोचायच्या नाहीत, ते मेलेल्यांपुढच्या उदबत्तीसारखं दिसतं म्हणून जेवताना कुणी करत नाही. शिवाय आठवडाभर आधी, त्यांच्या पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या तेवीसला चुलीच्या देवाची पाठवणी असते. हा देव वर्षभर चुलीजवळच्या चित्रात बसून घरातली भांडणं ऐकतो आणि वर जाऊन सगळं सांगतो, म्हणून त्याला चिकट गोड माल्टची गोळी देतात, तोंड गोड व्हावं किंवा सरळ चिकटून बसावं. मग चित्र जाळून त्याला वर पाठवतात आणि नववर्षाला नवं चित्र लावतात.

टेबलावर आम्ही सातजण होतो आणि वाडगी आठ. आठवं माझ्या मैत्रिणीच्या काकाचं, दक्षिणेत ग्वांगडोंगला कारखान्यात होता, त्या वर्षी त्याला येता आलं नाही. त्याच्या वाडग्यातही नायनायने ज्याओझ वाढले, चॉपस्टिक ठेवल्या. त्याच्याबद्दल कुणी काही बोललं नाही, फक्त अधूनमधून वाफ गेली की ती त्यातले गार काढून गरम घालायची. या जेवणाला ते थ्वानयुआनचं जेवण म्हणतात, म्हणजे सगळे पुन्हा गोल होऊन बसणं.

आणि नाणं. एका ज्याओझमध्ये धुतलेलं नाणं लपवतात, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. नायनायने दोन नाणी घेतली होती. मी विचारलं दोन कशाला, तर म्हणाली तुझे वेगळे आहेत ना, त्यात नाणं नसेल तर तुला मिळायचा मार्गच नाही. माझ्यासाठी एवढा विचार परक्या घरात कुणी केलेला मला आठवत नाही. मला ते मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले तव्यावर परतले त्यात मैत्रिणीच्या चुलतभावाला मिळालं, त्याचे दातच वाजले.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या लेकी येतात. छूशीची रात्र सासरीच, आणि या दिवशी नवरा-मुलं घेऊन न्यांगज्या, शब्दशः आईचं घर. आपला माहेरही मातृगृहावरूनच आलाय. मैत्रिणीची आत्या दारातून आली आणि कोट काढायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांची झाकणं उघडून बघायला लागली. अगदी आपल्याकडच्यासारखं.

घरी करून बघायचं असेल तर हिवाळ्यात लसणाची कोवळी पात मिळते तेव्हा करा, कांद्याच्या पातीला पाणी फार सुटतं. पीठ गार पाण्यात मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. सोबत व्हिनेगर, त्यात मुरलेल्या लसणाच्या पाकळ्या असतील तर उत्तमच, तिकडे त्या थंडीत व्हिनेगरमध्ये हिरव्यागार होतात. आणि शिजवलेलं पाणी टाकू नका, वरून गरम गरम प्यायचं असतं, त्याने जेवण पचतं म्हणतात.

आम्ही सांगलीला दरवर्षी करतो. 2020 ची छूशी 24 जानेवारीला होती, तेव्हा व्हिडिओ कॉल लावला होता. आई भरत होती आणि सवयीने तिने कडेला करंजीसारखी मुरड घातली. नायनायने मैत्रिणीला फोन जवळ धरायला लावला आणि म्हणाली, हळू कर, परत कर. आईने परत केलं. असे आमच्याकडे माझी आई करायची, नक्षीच्या काठाचे, म्हणाली, मला ते जमलं नाही कधी. मग आई एकेक मुरड थांबून थांबून घालत राहिली आणि तिकडे ती कांगवर बसून स्वतःच्या ज्याओझवर तशीच घालत राहिली.