कोलीन क्लोराइड आणि युरिया दोन्ही घन, मग एकत्र केल्यावर त्यांचा द्रव का होतो?

तुमचा प्रश्न असा की दोन कोरड्या पावडरी मिसळून ‘हरित द्रावक’, म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास देणारा द्रावक, कसा तयार होतो, आणि नवीन पदार्थ बनवताना त्याचा उपयोग काय.

नाशिकला एम.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेताना मी सुरुवात अमृतधारेपासून करते. काष्ठौषधीच्या दुकानातून कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल आणायचं, बाटलीत घालून हलवायचं. पाण्याचा थेंबही न घालता सगळं पातळ होतं. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. त्याच्या ओएच गटातला हायड्रोजन कापराच्या ऑक्सिजनला धरतो, मग दोघांनाही आपापल्या रांगा लावून स्फटिक करता येत नाही.

तुमच्या जोडीत हायड्रोजनला धरणारा असतो क्लोराइड आयन. कोलीन क्लोराइड ३०२ अंश सेल्सिअसला वितळतं, युरिया १३३ ला. कोलीन क्लोराइडच्या एका मोलला युरियाचे दोन मोल, म्हणजे १४ ग्रॅमला १२ ग्रॅम घेऊन ८० अंशांवर ढवळलं की युरियाच्या नायट्रोजनवरचे हायड्रोजन क्लोराइडभोवती गोळा होतात. त्याचा ऋणभार वाटला जातो, धनभारित कोलीनची त्याच्यावरची पकड सैल होते. त्यात कोलीन आकारानेच बेढब: एकीकडे नायट्रोजनवर तीन मिथिल (सीएच३) गट, दुसरीकडे ओएचची शेपटी. मिश्रण पार १२ अंशांपर्यंत द्रव राहतं! इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या अँड्र्यू ॲबट यांच्या गटाने हे २००३ साली मांडलं.

पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या गटाने या द्रवात झिओलाइटसारखे (सूक्ष्म छिद्रांची जाळी असलेल्या खनिजांसारखे) सच्छिद्र पदार्थ बनवले. मला सर्वांत आवडते ती त्यातली गोष्ट: तापल्यावर युरिया फुटतो, अमोनियम आयन सुटतात आणि त्यांच्याभोवतीच त्या पदार्थाची जाळी उभी राहते. द्रावक आणि साचा एकच.

डीएमएफ या नेहमीच्या सेंद्रिय द्रावकासारखी याची वाफ होऊन तो उडून जात नाही, कोलीन क्लोराइड तर कोंबडीखाद्यातही घालतात. तरी तयार पदार्थ धुतल्याचं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर सगळा नायट्रोजन नदीकडेच जाणार, त्याची सोय केल्याशिवाय मी त्याला हरित म्हणणार नाही.

करून पाहणार असाल तर खताचा युरिया नको, त्यावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो. आणि जुलैत कोलीन क्लोराइडची बाटली उघडी ठेवू नका. आमच्याकडे तासाभरात त्याचा चिखल होतो आणि माशासारखा वास सुटतो, मग केलेलं वजन खोटं ठरतं. आधी व्हॅक्यूममध्ये रात्रभर सुकवा, मगच तोला.