विंचू तर जीव घेतो, मग इजिप्तची सेर्केत देवी डोक्यावर विंचू घेऊन मृतांची राखण कशी करते?

कारण विंचवाने कोंडलेला श्वास मोकळा करणारी तीच. तिचं पूर्ण नाव सेर्केत-हेतित, म्हणजे 'घशाला श्वास घेऊ देणारी'. मृतालाही परलोकात श्वास हवाच. विंचू चावलेला माणूस ज्यांनी जवळून पाहिला नाही, त्यांना हे नाव नुसतं काव्य वाटेल.

मी पाहिलाय. 1991 साली, महाडकडच्या आमच्या गावात, भाताचा भारा उचलताना ताईला लाल विंचू चावला. आधी घाम सुटला, पोलकं पिळावं इतका. हातपाय गार पडले. मग धाप लागली आणि ओठांच्या कडेला गुलाबी फेस आला. मामाने विंचू उतरवणारा आणला होता, अंगणात दोन तास त्याचा मंत्र चालला. शेवटी आई ओरडली तेव्हा कुठे जीप आली. दवाखान्यात प्राझोसिनची गोळी दिली. ही गोळी विंचूदंशावर वापरात आणली ती महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी. ताई वाचली.

मामा आजही म्हणतो, मंत्राने वाचली. मी इजिप्तवर वाचतो हे कळल्यावर म्हणाला, "बघ, त्यांचेही मांत्रिकच होते." होते ना! 'खेरेप सेर्केत' म्हणत त्यांना, विंचू-साप दोन्ही उतरवायचे. पण त्यांच्यासाठी लिहिलेला एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा जुना ग्रंथ, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे. कुठला साप चावल्यावर काय होतं, कोण वाचेल, कोण नाही, हे त्यात एकेक करून लिहिलंय. कांद्याची औषधं आहेत, जखमेवर सुरी चालवायला सांगितलंय. मंत्रही आहेत, पण औषधाच्या जोडीला. कुणाला चावलं तर आधी गाडी बोलवा, मंत्र गाडीत म्हणा. मामाशी माझं भांडण एवढ्यावरूनच आहे.

राखणीचं राहिलं. 1922 मध्ये सापडलेल्या तुतनखामन राजाच्या थडग्यात, ममी करताना काढलेले त्याचे अवयव ठेवलेल्या सोनेरी पेटीच्या चार बाजूंना चार देवी उभ्या आहेत, त्यातली एक सेर्केत. पाठ आपल्याकडे, हात पसरलेले, मान मात्र किंचित वळवलेली, मागून कुणी येतंय का बघावं तशी. आतड्यांची राखण तिच्याकडे आणि होरस देवाचा मुलगा केबेहसेनुएफकडे.

आणि हो, तिच्या डोक्यावरच्या विंचवाला बरेचदा नांगी नसते. काही अभ्यासक म्हणून त्याला पाणविंचू मानतात, म्हणजे विंचवासारखा दिसणारा पाण्यातला किडा. पाणविंचू शेपटीच्या नळीने श्वास घेतो.