वाटपाचा दावा किती वर्षं चालतो?

तुमचा प्रश्न असा, की गावच्या सामायिक जमिनीसाठी वाटपाचा दावा घातला तर निकालाला किती वर्षं लागतील, आणि आपल्याकडे कोर्टात एवढा उशीर का होतो.

न्यायाधीश कमी आहेत, हे तुम्हाला कुणीही सांगेल. खरंच आहे ते. विधी आयोगाने 1987 साली दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश असावेत असं सुचवलं होतं. आज मंजूर पदं धरली तरी निम्मे भरत नाहीत. पण आमचा दावा रखडला तो घरच्याच माणसांमुळे. आंब्याची कलमं ज्याच्या ताब्यात, त्याला निकाल हवा कशाला?

देवगड तालुक्यात आमचा सडा, म्हणजे कातळाची माळजमीन. सातबाऱ्यावर सगळी भावकी, वहिवाट मात्र एका चुलतभावाची. वडिलांनी दावा घातला आणि पहिली गाडी अडली समन्सवर. मुंबईच्या हिस्सेदारांची समन्सं 'घरास कुलूप' असा शेरा घेऊन परत यायची. ही मंडळी त्याच्याच बाजूची. दर मोसमाला आंब्याच्या पेट्या घरपोच मिळत होत्या ना! आणि चतुर्थीला हेच लोक भजनात पुढे बसून टाळ कुटणार. शेवटी आमच्या वकिलांनी हमदस्त समन्स, म्हणजे हातोहात बजावायचं समन्स, घेतलं आणि ऋषिपंचमीला, ऐन जेवणाच्या पंगतीत बेलीफ दारात उभा केला. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मग कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर. कायदा म्हणतो 30 दिवसांत द्या, फार तर 90. प्रत्यक्षात थोडा खर्च भरला की नंतरही घेतात. तहकुब्या तीनपेक्षा जास्त नकोत, हेही दिवाणी प्रक्रिया संहितेत छापलेलं आहे. आमचा रोजनामा, म्हणजे तारखांची कोर्टातली नोंद, काढून बघा: 'प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर. पुढील तारीख...' पानंच्या पानं तेवढंच. त्यात एक प्रतिवादी वारले. 90 दिवसांत वारस दाखल करायचे. त्यांच्या मुली एक मडगावला, एक नाशकात, एकीचा पत्ताच कुणी देईना. पुन्हा नोटिसा, पुन्हा कुलपं.

दरम्यान कायदाच बदलला. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः समान हक्क आला, आणि 2020 साली सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की अंतिम हुकूमनामा, म्हणजे प्रत्यक्ष वाटपाचा शेवटचा आदेश, होईपर्यंत हिस्से बदलू शकतात. आत्यांना न्याय मिळाला, चांगलंच झालं. आमची आकडेमोड मात्र पहिल्यापासून.

चुलतभाऊ तोवर गप्प बसला नव्हता. त्याने सड्याच्या वरच्या अंगाला नवी कलमं लावली, भोवती चिऱ्यांचा गडगा घातला. आज ती भरभरून धरतात, आणि म्हणे ती त्याच्या घामाची, वाटपात धरायची नाहीत. बाजारात भेटला की हसून विचारतो, "घाई कित्याक? कोर्टात चालू आसा मा?"

आता तुमच्यासाठी. दाव्यात वाटपाबरोबर उत्पन्नाचा हिशेब मागाच, आणि पहिल्याच वर्षी कोर्ट रिसिव्हर, म्हणजे निकालापर्यंत मालमत्ता सांभाळणारा कोर्टाचा माणूस, नेमण्याचा अर्ज टाका. मी हे तेव्हाच म्हणत होतो. आमचे थोरले बंधू आडवे आले: "भावबंदाच्या कलमात कोर्टाचो माणूस उभो करतलंस? लोक काय म्हणतले?" लोकांनी काय म्हणायचं? लोक आमचेच आंबे त्याच्याकडून विकत घेत होते. कोर्टाचा माणूस झाडाखाली उभा असता तर त्या भावबंदाला वर्षभरात तडजोड सुचली असती. दादा अजून म्हणतो, गोडीगुलाबीने मिटलं असतं. कुणाच्या गोडीने? दलालाकडच्या विक्रीच्या पट्ट्या तर चुलतभावाच्या नावावर फाटत होत्या!

किती वर्षं, याचं सरळ उत्तर: सगळे हिस्सेदार तयार असतील तर दाव्याचीही गरज नाही, जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडून वाटप होतं. दावा आधीच घातला असेल तर लोकअदालतीत मिटवा. कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. एक जरी अडून बसला तर निकालालाही शेवट समजू नका. आधी प्राथमिक हुकूमनामा, त्यात फक्त कुणाचा हिस्सा किती ते ठरतं. मग आकारी, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या, जमिनीचे कागद प्रत्यक्ष वाटपासाठी कलेक्टरकडे, मग मोजणी. आमचं सध्या इथवर आलंय. सड्यावर रान माजलंय म्हणून मोजणी पावसानंतर. शिवाय अपिलं आहेतच. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची प्रकरणं तिथे जातात, मुंबईची फेरी वाचते.

मी वकील नाही, हे आधी सांगायला हवं होतं. रिसिव्हर काही मागितला की मिळतो असं नाही. उत्पन्न एकटाच खातोय किंवा मालमत्तेची नासाडी होतेय हे दाखवावं लागतं. तेव्हा वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, पेट्या भरलेल्या टेम्पोच्या पावत्या, जे हाताला लागेल ते आतापासून गोळा करा. आणि तुमच्याही घरात एखादा दादा असेल तर त्याची सही वकीलपत्रावर आधी घ्या, मत नंतर विचारा.