कळत नाही, की करू देत नाहीत?

"मॅडम, माझं डोकं चालेनासं झालंय का हो?"

ऑफिसात नवीन सिस्टीम आली की पन्नाशीच्या आसपासची माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. चाळिशीतलेही येऊ लागलेत. त्यातल्या एका बाईंची ही गोष्ट. त्यांनी परवानगी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये बावीस वर्षं. आलेला माल मोजून घ्यायचा, नोंदवायचा, मागणीप्रमाणे द्यायचा. सहा महिन्यांपूर्वी रजिस्टर गेलं आणि सॉफ्टवेअर आलं. तेव्हापासून सकाळी लॉगिन करताना छातीत धडधड, रात्री झोप नाही. "पोरं पटापट करतात, माझा हात थरथरतो," म्हणाल्या.

पहिल्या दोन भेटींत मी चुकलेच. त्यांचंच निदान खरं धरून चालले: वय, भीती, सराव कमी. श्वासाचे व्यायाम दिले, जास्तीचं प्रशिक्षण मागून घ्या म्हटलं. त्यांनी निमूटपणे दोन्ही केलं. झोप थोडी सुधारली, बाकी जैसे थे.

तिसऱ्या भेटीत अडलेल्या स्क्रीनचा फोटो दाखवायला त्यांनी मोबाइल काढला. फोटो उघडला, हवा तेवढाच भाग कापला, चुकीच्या रकान्याभोवती बोटाने लाल गोल काढला आणि मला पाठवून दिला. अर्ध्या मिनिटाचं काम. हे कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणाल्या, "कुणी कशाला? खेळता खेळता आलं." हात अजिबात थरथरत नव्हता!

मग मी त्यांना आठवडाभराचं एक काम दिलं. सिस्टीमवर जिथे जिथे अडाल, तिथे वहीत एक ओळ लिहायची. रकाने दोनच: 'कळलं नाही' आणि 'करू दिलं नाही'.

वही आली तेव्हा एकवीस ओळी होत्या. पहिल्या रकान्यात सहा, दुसऱ्यात पंधरा.

त्या पंधरांतल्या बहुतेक एकाच जातीच्या होत्या. बिलावर शंभर नग, प्रत्यक्षात ब्याण्णव. पूर्वी त्या ब्याण्णव लिहून शेजारी पेन्सिलीने 'आठ बाकी' अशी खूण करायच्या आणि माल आत घ्यायच्या. आता आकडा जुळल्याशिवाय नोंद सेव्हच होत नाही. साहेबांची मंजुरी लागते, साहेब मीटिंगमध्ये, गाडी दारात, ड्रायव्हर डोक्यावर. वर स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रत्येक नोंदीला किती वेळ लागला ते मोजणारं घड्याळ. बावीस वर्षं जो निर्णय त्यांचा होता, तो एका दिवसात काढून घेतला गेला, आणि 'मला कॉम्प्युटर जमत नाही' असं त्यांनी त्याला नाव दिलं.

ही काही नवी गोष्ट नाही. 1948 साली लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या एका पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला. त्यांचं उत्पादन घसरलं ते सावरलंच नाही, आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के लोक काम सोडून गेले. ज्या गटांत सगळ्यांना बदल ठरवतानाच सोबत घेतलं, ते लवकर सावरले, पूर्वीपेक्षा पुढे गेले, आणि त्या काळात त्यांच्यातलं कुणी सोडून गेलं नाही. मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. पहिल्या गटातली उरलेली माणसं पुढे पुन्हा एका नव्या कामावर घेतली, या वेळी त्यांना विचारून. तीच माणसं, आणि या खेपेला चटकन रुळली.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या जरा रागावल्याच. "म्हणजे इतके दिवस मी उगाच स्वतःला शिव्या घातल्या?"

मोकळीक म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे, हेही बोलावं लागलं. त्यांच्याच विभागातल्या एका नव्या मुलाला 'तुझं तू बघ' म्हणून सोडलं होतं, तोही रडकुंडीला आला होता. शिवाय आकडे जुळवण्याचा नियम निरर्थक नव्हता. कमी माल येऊन पूर्ण पैसे जाऊ नयेत म्हणूनच तो आला होता. त्यामुळे साहेबांकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजी वही घेऊन जायचं ठरलं, तीन नेमक्या मागण्यांसह. ठरावीक मर्यादेपर्यंतची तूट 'बाकी' म्हणून नोंदवण्याचा अधिकार. 'कळलं नाही'मधल्या सहा गोष्टी स्वतःच्या क्रमाने शिकायला रोज अर्धा तास. आणि ते घड्याळ बंद. आम्ही दोन वेळा सराव केला, मी साहेब झाले आणि मुद्दाम खडूसपणे वागले.

पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या, तिसरी नाही. सहापैकी पाच गोष्टी तीन आठवड्यांत बसल्या. धडधड पूर्ण गेलेली नाही, महिनाअखेरीला होतेच.

शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं की 'बाकी' माल दिसण्यासाठी वेगळी यादी हवी, असं त्यांनीच सुचवलं आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी ती करूनही दिली. घड्याळावर मात्र त्यांनी एक चिकटचिठ्ठी लावून टाकली आहे. साहेबांना माहीत आहे म्हणे, काही बोलत नाहीत.